अर्हताचे फळ आणि गोडीचे वजन

गोड खाऊ नका असे डॉक्टरांनी बजावलेला माणूस आज आपल्या गावात शोधावा लागत नाही. चहाच्या टपरीवर तासभर उभे राहिले तर 'बिनसाखरेचा' म्हणून सांगणारे चार आवाज सहज कानी पडतात. ते सगळे पेढीवर लोडाला टेकून बसणारे असतात असेही नाही. त्यांत हमाल असतात, एस. टी.चे कंडक्टर असतात, जिनिंगमधले फिटर असतात. मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा रोग, ही समजूत आता जुनी झाली. अशा माणसांच्या हातात अलीकडे एक नवे पाकीट दिसू लागले आहे. त्याच्यावर एका गोल हिरव्या फळाचे चित्र असते, 'मंक फ्रूट' असे नाव असते, आणि शेजारी 'चीनमधील प्राचीन औषध', 'संपूर्ण नैसर्गिक', 'शून्य कॅलरी' अशी आश्वासने असतात. आश्वासन दिसले की ते उलटून पाहावे, ही खोड आम्हा युनियनवाल्यांना धंद्यामुळेच लागते. सभेत दिलेला शब्द आणि करारावर छापलेला शब्द यांत किती अंतर पडते, हे आम्ही जन्मभर पाहत आलो आहोत. तेव्हा हे फळ आहे तरी काय, त्याची गोडी येते कुठून, आणि त्या पाकिटात ते खरोखर असते किती, एवढे पाहू.

'मंक फ्रूट' हे नाव दुकानदारीचे, अलीकडचे. चिनी लोक या फळाला 'लुओ हान गुओ' म्हणतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ते 'लो हान को' असे लिहिलेले सापडते. 'गुओ' म्हणजे फळ, आणि 'लुओ हान' म्हणजे दुसरेतिसरे कोणी नसून आपला अर्हत! बुद्धाच्या धम्माबरोबर हा शब्द चीनला गेला, तिथल्या जिभेवर त्याचा 'आ-लुओ-हान' झाला आणि पुढे आरंभीचा 'आ' गळून पडला. १९५६ नंतर या जिल्ह्यातल्या ज्या हजारो घरांत धम्म परत आला, तिथल्या मुलांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. चिनी विहारांत अठरा अर्हतांच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात. फळाला त्यांचे नाव का पडले याच्या दंतकथा पुष्कळ आहेत; त्या सोडून देऊ.

गोडीच्या बाबतीत या दोन देशांची देवघेव जुनीच आहे. आपल्या 'शर्करा' या शब्दापासून जगातल्या किती भाषांनी आपापला साखरेचा शब्द घेतला, ते शब्दकोशात पाहण्यासारखे आहे. सातव्या शतकात, इ. स. ६४७ च्या सुमारास, तांग वंशाच्या ताइझोंग सम्राटाने मगध देशी माणसे धाडली ती उसाच्या रसापासून साखर काढण्याची कृती शिकून येण्यासाठी, असे चिनी इतिहासग्रंथ सांगतात. आपण त्यांना साखर शिकवली. आता साखर नको म्हणून आपण त्यांच्याकडे पाहतो आहोत.

हे फळ दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी प्रांतात, ग्वेलिन शहराच्या आसपासच्या डोंगराळ भागात होते. धुके, ओलावा आणि मध्यम थंडी त्याला मानवते. वेल बारमाही आहे आणि कुळ भोपळ्याचे. आपल्याकडे कारल्याचा किंवा दोडक्याचा मांडव घालतात तसाच त्याचा मांडव घालतात. फळ लिंबापेक्षा मोठे, मोसंबीपेक्षा लहान. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राला ते नीट ठाऊक झाले १९४१ साली. स्विंगल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन छापले तेव्हा त्याने ते थेट कारल्याच्या जातिगणात घातले होते. पुढे ते 'सिरेटिया' या वेगळ्या गणात गेले. त्याच्या शास्त्रीय नावाचा दुसरा भाग, 'ग्रोव्हेनोरी', हा नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीचे त्या वेळचे अध्यक्ष ग्रोव्हेनर यांच्यावरून आला. अर्हताच्या फळावर एका मासिकवाल्या संस्थेच्या अध्यक्षाचे नाव चढले ते असे. शेत कसणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याच वनस्पतीला मिळत नाही.

कारल्याशी असलेले हे नाते नुसते नावापुरते नाही. आपण काकडी कापताना देठाकडचा तुकडा चाखून पाहतो, कारण एखादी काकडी जहर कडू निघते. तो कडूपणा ज्या द्रव्यांचा, ती द्रव्ये आणि या चिनी फळातले गोड द्रव्य ही एकाच मूळ पदार्थापासून वेलीच्या अंगात तयार होतात. वाट एकच; पुढे फाटा फुटतो. आपल्या काकडीत ती वाट कडूपणाकडे वळते. चिनी फळात त्या सांगाड्याला ग्लुकोजचे मणी एकेक करून जोडले जातात. फळ कच्चे असताना मणी थोडे असतात, तेव्हा ते गोड लागत नाही, कडवटच लागते. पिकत जाते तसे मणी वाढतात. पाच मणी जोडले गेले की जे द्रव्य होते त्याला 'मोग्रोसाइड पाच' म्हणतात, आणि गोडीचा मुख्य वाटा त्याचा. जाता जाता एक सांगून ठेवतो. दुधी भोपळ्याचा रस औषध म्हणून पिणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत. तो रस कडू लागला तर लगेच थुंकून टाकावा. 'नैसर्गिक आहे, काय होते' म्हणून कडू रस पिऊन माणसे दगावली आहेत.

या वेलीत नर वेगळा आणि मादी वेगळी. आपापसांत परागीभवन पुरेसे होत नाही, म्हणून माणूस सकाळी उठून नरफुलातले पराग काडीने मादीफुलाला लावत फिरतो. फुलागणिक एकदा. हे काम कापसाच्या जिल्ह्यातल्या श्रोत्यांना परके वाटू नये. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून 'हायब्रिड-४' हा व्यापारी लागवडीतला जगातला पहिला संकरित कापूस बाहेर आला, तेव्हापासून आपल्या देशात संकरित सरकीचे बी असेच हाताने होते. आदल्या दिवशी कळीतले पुंकेसर खुडायचे आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. हे काम बायका करतात आणि कित्येक ठिकाणी शाळेच्या वयाच्या मुलींकडूनही करून घेतले गेले, कारण त्यांची बोटे बारीक आणि मजुरी कमी. तेव्हा 'निसर्गाने दिलेली गोडी' हे पाकिटावरचे वाक्य वाचताना ती काडी धरणारा हातही डोळ्यांपुढे आणावा. साखरेच्या गोडीमागे तरी काय आहे? आपल्याच पुसद-उमरखेडकडच्या तांड्यांतून दरवर्षी टोळ्या कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि पोरांची शाळा अर्ध्या वर्षावर तुटते.

ताजे फळ टिकत नाही, लवकर आंबते. म्हणून ते मंद आचेवर भट्टीत वाळवतात. वाळले की तपकिरी होते, वजनाला अगदी हलके, आणि बोटाने टिचकी मारली तर पोकळ वाजते. चिनी औषधी दुकानात ते अशा रूपात मिळते. फळ फोडायचे, सालीसकट पाण्यात उकळायचे आणि तो काढा चहासारखा प्यायचा, ही तिथली घरगुती रीत. चिनी वैद्यकातही आपल्यासारखाच उष्ण-थंड असा विचार आहे, आणि हे फळ त्यांनी थंड मानले आहे. कोरडा खोकला, बसलेला घसा, उन्हाळी लागणे, मलावरोध, यांवर ते देतात. चीनच्या सरकारी औषधसंहितेतही त्याचा समावेश आहे. शिक्षक, गायक आणि विडी-सिगारेट ओढणारे यांचे ते आवडते पेय. इथे एक बाब नजरेतून निसटू देऊ नये. चिनी परंपरेत हे मुख्यतः घशाचे आणि छातीचे औषध आहे. 'साखरेच्या जागी वापरा' हा उपयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या प्रयोगशाळांतून आला. जपानी संशोधकांनी १९८० नंतरच्या वर्षांत त्यातल्या गोड द्रव्यांची घडण उलगडली, १९९५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने रसाचा नको तो वास काढून टाकण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या अर्काच्या वापराला हरकत नसल्याचे कळवले. त्यानंतरच ही पाकिटे जगभर निघाली. तेव्हा 'प्राचीन' हे विशेषण काढ्याला लागू आहे, पाकिटाला नाही.

आता गोडी कुठून येते ते पाहू. आपल्या जिभेवर गोड ओळखणारे एक कुलूप आहे असे समजा. साखर ही त्याची नेहमीची किल्ली. पण ती सैल बसते, म्हणून पुष्कळ लागते. मोग्रोसाइड ही अशी किल्ली आहे की ती त्या कुलपात घट्ट बसते, आणि थोडकी पुरते. ते द्रव्य साखरेच्या सुमारे अडीचशे पट गोड आहे. ज्यांना ग्लुकोजचे मणी ऐकून शंका आली असेल की मग रक्तातली साखर का वाढत नाही, त्यांनी हिशेब करून पाहावा. एका चमच्यात पाच ग्रॅम साखर धरली, म्हणजे पाच हजार मिलिग्रॅम. तिला अडीचशेने भागले की वीस मिलिग्रॅम राहतात. शिवाय हे द्रव्य वरच्या आतड्यात फारसे शोषले जात नाही. ते मोठ्या आतड्यापर्यंत जाते आणि तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात. रक्तात चढावी एवढी साखर त्यातून निघतच नाही.

वीस मिलिग्रॅम म्हणजे किती, हे सांगायला आपल्या सोनाराकडचे जुने माप उपयोगी पडते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळ्याचे ग्रॅम साडेअकराच्या थोडे वर, म्हणजे एका गुंजेचे वजन सुमारे १२० मिलिग्रॅम. एका चमचा साखरेची गोडी एका गुंजेच्या सहाव्या भागात मावते! एवढीशी पूड घरात कोण कशाने मोजणार? चिमटीत घेतली तरी दहा चमच्यांची होईल. म्हणून कारखानदार तिच्यात भर घालतात, आणि खरी गोष्ट इथून पुढे आहे.

पगारपत्रक वाचताना आपण वरचा आकडा पाहून थांबत नाही, खाली कपाती वाचतो. पाकिटाचेही तसेच करावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी असा आपला कायदा आहे. जे सर्वांत जास्त ते पहिले. पुढच्या बाजूला फळाचे चित्र असलेल्या बहुतेक पाकिटांच्या मागे पहिले नाव 'इरिथ्रिटॉल' हे असते. ही एक प्रकारची शर्करा-मद्यार्क वर्गातली पूड. तिने नशा चढत नाही. वर्गाचे नाव तेवढे तसे. मक्याच्या ग्लुकोजवर किण्वन करून ती बनवतात. दिसायला साखरेसारखी, गोडीला साखरेच्या सुमारे साठ-सत्तर टक्के, आणि बहुतेक सगळी लघवीवाटे निघून जाते. समजा दोनशे ग्रॅमचे पाकीट आहे आणि 'चमच्याला चमचा साखरेइतके गोड' असा दावा आहे. इरिथ्रिटॉलच एकशे तीस ग्रॅम साखरेची गोडी पुरवते. उरलेल्या सत्तर ग्रॅमची गोडी त्या फळाने पुरवायची. तिला अडीचशेने भागा. पाव ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे दोन-तीन गुंजा. दोनशे ग्रॅमच्या पाकिटात दोन-तीन गुंजा अर्हताचे फळ, आणि किंमत मात्र फळाच्या चित्राची! काही स्वस्त पाकिटांत तर भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असते. त्या दोन्ही वस्तूंनी रक्तातली साखर चढते. मधुमेह्याने ही दोन नावे तरी पाठ करावीत.

इरिथ्रिटॉलबद्दल २०२३ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या संशोधकांनी असे छापले की ज्यांच्या रक्तात ते जास्त आढळले त्यांना हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके अधिक आले. याचा अर्थ त्यानेच झटके आले असा लगेच काढता येत नाही, कारण आपले शरीरही ते थोडे तयार करते. पण ज्याचे हृदय आधीच दुखावलेले आहे त्याने रोज चमच्यांनी ते खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, एवढी ती बातमी गंभीर आहे.

आमच्या संघटनेतला बाजार समितीचा एक हमाल होता. पन्नाशीचा, अंगाने धिप्पाड. त्याला कुणीतरी हे पाकीट 'शुगरचे चिनी औषध' म्हणून विकले. त्याने पदरचे चांगले पैसे मोजले, आणि औषध तर घेतोच आहोत म्हणून सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या बंद केल्या. चहा पुन्हा गोड झाला होता. माणूस खुशीत होता. तीन महिन्यांनी पोत्याचा हूक पायाला लागून झालेली जखम भरेना, आणि अखेर दोन बोटे काढावी लागली. त्या पाकिटात विष नव्हते. त्याने फक्त साखर वाढवली नाही; आणि न वाढवणे म्हणजे कमी करणे, असे त्या बिचाऱ्याने धरले. महागाई थांबली म्हणजे पगार वाढला असे आपण कधी म्हणतो का? उंदरांवर आणि काचेच्या नळीत या फळाचे पुष्कळ गुण दिसले आहेत, त्यांचे कागद जाहिरातवाले फडकवतात. माणसाचा मधुमेह त्याने बरा झाल्याचा पुरावा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये असा सल्ला दिला की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरी गोडद्रव्यांचा आधार घेऊ नये. मग ती कृत्रिम असोत की नैसर्गिक. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यापुरता हा सल्ला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्यासाठी सणासुदीला एखाद्या वाटीभर खिरीपुरती ही पूड सोयीची आहे. तिची सोय नाकारण्याचे कारण नाही, फक्त तिला गोळ्यांच्या रांगेत बसवू नये.

'नैसर्गिक' या शब्दाने आपण किती हुरळतो, याचा एक दाखला आपल्याच जिल्ह्याच्या मातीत आहे. १८७९ साली बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत फालबर्ग नावाचा रसायनतज्ज्ञ कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करीत होता. हात न धुता जेवायला बसला, तर पाव गोड लागला. त्यातून सॅकरिन निघाले, आपल्या बर्फगोळेवाल्यांचे जुने 'साकरीन'. तेही साखरेच्या कित्येकशे पट गोड आणि तेही रक्तात साखर वाढवीत नाही. वणीच्या खाणीत कोळसा काढणाऱ्या आमच्या सोबत्यांना मी हे सांगतो तेव्हा ते हसतात. पण गोडी कोळशातून येते की वेलीतून, हे जिभेवरचे कुलूप विचारत नाही. उलट मोहाची फुले पाहा. केळापूर, झरी, मारेगाव, घाटंजीकडच्या गोंड आणि कोलाम बाया फाल्गुन-चैत्रात पहाटे अंधारात जाऊन ती वेचतात. याहून नैसर्गिक गोड काय असणार? पण वाळलेल्या मोहफुलात वजनाने निम्म्याहून अधिक साखर असते, खरीखुरी साखर. भुकेल्या माणसाला ते अन्न आहे, मधुमेह्याला ते साखरच आहे. गूळ आणि मध यांनाही हाच न्याय. 'मी साखर सोडली, गूळ घेतो' म्हणणारे सुशिक्षित लोक मला भेटतात तेव्हा मी त्यांच्या पदवीकडे पाहत राहतो.

बरे, अर्हताच्या फळासारखे आपल्याकडे काहीच नाही काय? आहे, आणि वर ज्या गुंजेने आपण वजन केले तिच्याच वेलीवर आहे. कुंपणावर चढणारी, लाल बियांवर काळा ठिपका असलेली ही वेल आपल्या भागात कोणाला ठाऊक नाही? तिचा पाला गोड असतो. पानवाला विड्यात घालतो तो गुंजपाला हाच. कीर्तनकार आणि भजनी मंडळी घसा साफ राहावा म्हणून तो चघळतात, म्हणजे चिनी गवई जे फळाकडून करून घेतात तेच. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८९ मध्ये या पाल्यातली गोड द्रव्ये वेगळी काढली. ती साखरेच्या तीस ते शंभर पट गोड निघाली, आणि घडणीने त्याच वर्गातली, म्हणजे तसाच सांगाडा आणि त्याला जोडलेले साखरेचे मणी. ज्येष्ठमधाची गोडीही याच घराण्यातली, साखरेच्या सुमारे पन्नास पट. मात्र ज्येष्ठमध रोज पुष्कळ चघळले तर रक्तदाब चढतो आणि अंगातले पोटॅशियम उतरते. याच्या अगदी उलट चालीची मधुनाशिनी. तिची पाने चावून मग साखर तोंडात टाकली तर वाळू खाल्ल्यासारखे वाटते. किल्ली येण्यापूर्वीच कुलूप बंद होते. अर्ध्या तासाने जीभ पूर्ववत होते. शाळेच्या विज्ञानमंडळाने हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा.

हे चिनी फळ इथे लावता येईल का, असा प्रश्न शेतकरी मित्र विचारतात. पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली ते चीनमधून रीतसर आणले आणि २०२१ मध्ये हिमाचलातल्या कुल्लू जिल्ह्यात, रायसन गावी, शेतावर चाचणीसाठी रोपे लावली. त्या वेलीला वर्षाचे सरासरी तापमान सोळा ते वीस अंश लागते, आणि दमट हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे सरकतो आणि पैनगंगेच्या काठाशीही हवा कोरडी असते. रोपे विकायला कोणी आले तर त्याला हे दोन आकडे ऐकवावेत.

गुंज मात्र आपल्या उन्हात तगते. तिचा पाला खुडायचा तो शेंगा तडकण्यापूर्वी. तिच्या बियांत अॅब्रिन नावाचे जहाल विष आहे. बी अखंड गिळले गेले तर कठीण कवचामुळे कदाचित तसेच बाहेर पडते; पण फुटलेले किंवा चावलेले एक बीही लहान मुलाचा जीव घेऊ शकते. म्हणून घरी आणलेला पाला परातीत पसरावा, एकेक डहाळी झटकावी, आणि लाल दाणा कुठे अडकलेला नाही हे पाहूनच तो तोंडात घालावा.